लॅव्हेंडर का गेले आणि सोनटक्का का राहील

कोल्हापूरच्या कळंबा परिसरातील एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा :

‘दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. घरासमोर दक्षिणेला १२ बाय २५ फुटांची मोकळी जागा आहे आणि मागे उत्तरेला मोरीलगत एक चिंचोळी पट्टी आहे. माती काळी आहे. दरवर्षी झेंडू, पेटुनिया, डेलिया आणून लावते, पण आता गुडघे साथ देत नाहीत. एकदा लावले की वर्षानुवर्षे राहील अशी फुलझाडे हवी आहेत. मुलगी अमेरिकेत अटलांटाला असते. तिने उष्ण दक्षिणी प्रदेशांसाठी म्हणून बहुवर्षायू झाडांची एक यादी पाठवली. त्यातील पिओनी, होस्टा, लॅव्हेंडर, कोनफ्लॉवर आणि डे लिली मी घरपोच मागवली. डे लिली तेवढी जगली, बाकी सगळी ऑगस्टपर्यंत गेली. माझे काय चुकले? आता काय लावू? मुलगी आणि तीन वर्षांचा नातू डिसेंबरमध्ये येणार आहेत. तिकडून काही कंद बॅगेतून आणू का, असेही ती विचारते.’

ताई, आपल्या हातून काही चुकलेले नाही. आपण पाणी किती दिले, खत कोणते घातले याचा तपशील पत्रात लिहिला आहे आणि तो वाचून मला असे ठामपणे वाटते की त्या चार झाडांना आपल्या जागेत कोणीही जगवू शकले नसते. चूक यादीत आहे, आणि तीही यादी करणाऱ्याची नव्हे, तर ‘उष्ण’ आणि ‘दक्षिणी’ हे दोन शब्द दोन गावांत एकाच अर्थाने चालतील असे आपण सगळेच गृहीत धरतो त्याची आहे.

अटलांटा अमेरिकेच्या दृष्टीने उष्ण आहे, कारण तिथे हिवाळा सौम्य असतो. परंतु तो सौम्य हिवाळाही दरवर्षी शून्याखाली जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याने झाडांसाठी जे पट्टे आखले आहेत, ते केवळ हिवाळ्यातील नीचांकी तापमानावर आखलेले आहेत. अटलांटा त्यात आठव्या पट्ट्यात येते, म्हणजे तिथल्या झाडाने उणे सात ते उणे बारा अंशांपर्यंतची थंडी सोसली पाहिजे. झाड उन्हाळा कसा काढील, हे त्या पट्ट्यांवरून कळत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी तिथल्या उद्यानविद्या संस्थेने १९९७ मध्ये वर्षातील किती दिवस पारा ३० अंशांच्या वर जातो हे मोजून वेगळा नकाशा काढला, पण रोपांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा जुना पट्टाच छापलेला असतो. शिवाय अटलांटाचा पाऊस बारा महिन्यांत बऱ्यापैकी सारखा वाटलेला आहे. आपल्या शहरात वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. हिवाळ्यातील रात्र इथे क्वचितच दहा अंशांखाली उतरते. तेव्हा आपल्याकडे थंडीने झाड मरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपली झाडे मरतात ती दोन वेळा : एप्रिल-मेच्या उन्हात भेगाळलेल्या जमिनीत, आणि त्याहून अधिक, जुलै-ऑगस्टच्या चिखलात.

बहुवर्षायू झाड म्हणजे सदैव हिरवे झाड नव्हे. बहुतेक बहुवर्षायू झाडे वर्षातून एकदा विश्रांती घेतात. काही पाने टाकून जमिनीखाली जातात, काही नुसती थबकतात. पिओनीला ही विश्रांती थंडीत लागते आणि कित्येक आठवडे कडाक्याचा गारठा मिळाल्याखेरीज तिचा डोळा उमलण्यास तयारच होत नाही. होस्टाचेही तसेच. लॅव्हेंडर भूमध्य समुद्राच्या काठचे आहे, जिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात असतो, म्हणजे आपल्या ऋतुचक्राच्या नेमके उलटे. कोनफ्लॉवर तुलनेने सोशिक आहे, परंतु त्याचा जमिनीलगतचा गड्डा ओल्या काळ्या मातीत सडतो. आपल्या ऋतूंशी ज्याची विश्रांती जुळते, ते झाड निवडायचे. वळिवाच्या सरीने जागे होणारी आणि दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात शांत बसणारी झाडे आपली आहेत. बर्फ वितळण्याची वाट पाहणारी आपली नाहीत.

मी स्वतः एकदा लॅव्हेंडर लावले होते. नर्सरीतील माणसाने ‘कायम टिकते’ असे सांगून दिले होते आणि मीही विश्वास ठेवला. ऑगस्टच्या मध्यावर त्याची पाने करडी पडून माना टाकू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असेल या समजुतीने मी आणखी पाणी घातले. चार दिवसांनी रोप उपटून पाहिले. मुळे तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल ओल्या बाहीसारखी निसटून हातात येत होती, आत केसासारखा एक पांढरा दोरा तेवढा शिल्लक राहत होता. मातीला गटारासारखा वास येत होता. मूळ कुजले की वरचे झाड तहानेने वाळते, कारण पाणी शोषायला काही उरलेलेच नसते. म्हणून पावसाळ्यात कोमेजणाऱ्या झाडाला पाणी घालण्याआधी बोटभर माती उकरून पाहावी. आपले लॅव्हेंडर आणि कोनफ्लॉवर असेच गेले असणार.

शेतकऱ्यांना हे सांगावे लागत नाही. त्यांच्याकडे त्यासाठी ‘वाफसा’ असा नेमका शब्द आहे. मातीत ओल आणि हवा या दोन्ही गोष्टी योग्य प्रमाणात आहेत, मूठ आवळली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला तर फुटतो, ती स्थिती म्हणजे वाफसा. काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्यातील हवेची छिद्रे बंद होतात आणि संततधार लागली की महिना-महिना वाफसा येत नाही. मुळांना तेवढे दिवस श्वास घेता येत नाही. त्यामुळे झाडांची यादी करण्याआधी आपल्या जागेत पाणी कुठे मुरते आणि कुठे थांबते, हे पाहणे आवश्यक आहे.

आत्ता एप्रिल आहे, तेव्हा त्यासाठी वेळही उत्तम आहे. समोरच्या जागेत दोन ठिकाणी फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्यावा आणि तो पाण्याने काठोकाठ भरावा. पहिले पाणी भराभर खाली जाईल, त्यावर विसंबू नये. या दिवसांत काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि ते पाणी भेगांतून पळते. खड्डा दुसऱ्यांदा भरावा, दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा भरावा आणि मग पाहावे. माती फुगून भेगा बुजल्यानंतर तासाला साधारण इंचभर पाणी उतरत असेल, तर जागा चांगली आहे. तिसऱ्यांदा भरल्यानंतरच्या सकाळीही खड्ड्यात पाणी दिसत असेल, तर तिथे जमिनीच्या पातळीवर काहीही लावू नये. कळंबा-पाचगाव भागात पुष्कळ प्लॉटमध्ये बांधकामाच्या वेळी मुरूम भरलेला असतो, त्यामुळे एका कोपऱ्यात पाणी लगेच मुरते आणि दहा फुटांवर तळे साचते, असेही आढळते.

पाणी थांबत असेल तर उपाय एकच, आणि तो आपल्या गुडघ्यांनाही सोयीचा आहे. जांभ्या दगडाची किंवा विटांची कड करून दीड फूट उंच गादीवाफा बांधून घ्यावा. रुंदी तीन फुटांहून अधिक नको, म्हणजे कडेच्या ओट्यावर बसून दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचतो. भरण्यासाठी आपलीच काळी माती दोन भाग, बारीक मुरूम एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग घ्यावे. चार पाट्या वाळू काळ्या मातीत कालवून निचरा सुधारेल, अशी समजूत सर्वत्र आहे, पण तसे होत नाही. एवढ्याशा वाळूने माती आणखी घट्ट बसते. काळ्या मातीला खरे मोकळे करते ते शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा. कडेच्या तळाशी दर चार फुटांवर एक वीट सोडून पाण्याला वाट ठेवावी. हा एक खर्च आहे, पण रोपांवर खर्च करण्याआधी तो करावा असे मी आग्रहाने सांगेन.

आता झाडांकडे येतो, आणि सुरुवात मागच्या मोरीपासून करतो, कारण ती पट्टी आपण पत्रात एका वाक्यात उरकली आहे आणि माझ्या मते घरातील सर्वांत चांगली जागा तीच आहे. सावली, कायमची ओल आणि भिंतीचा आडोसा हे सोनटक्क्याला हवे असलेले सर्व काही तिथे आहे. सोनटक्का हा हळद-आल्याच्या कुळातला कंद आहे, मूळचा पूर्व हिमालयाच्या बाजूचा. मृगाच्या सरींनी त्याला जोर येतो, श्रावणापासून पांढरी, फुलपाखरासारखी फुले संध्याकाळी उमलू लागतात आणि मागील दार उघडले की घरभर सुगंध पसरतो. आपल्या मुलीला सांगा, अटलांटाच्या बाजूच्या बागांतूनही हेच झाड ‘बटरफ्लाय जिंजर’ म्हणून कौतुकाने लावतात. तिच्या यादीत ते कदाचित असेलही. तिथे हिवाळ्यात ते जमिनीवरून नाहीसे होते आणि इथे उन्हाळ्यात मरगळते, एवढाच फरक.

सोनटक्का लावताना कंद आडवा, दोन बोटे खोल आणि डोळा वरच्या बाजूला येईल असा ठेवावा. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, म्हणून तो बुडापासून कापून टाकावा. त्यामुळे नवीन फुटव्यांना जागा मिळते. तीन वर्षांनी गड्डा इतका दाटतो की मधोमध फुले येणे थांबते. त्या मे महिन्यात संपूर्ण गड्डा कुदळीने उचलून, दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करून पुन्हा लावावा. मोरीचे पाणी साबणाचे असेल तर ते थेट कंदावर न सोडता थोडे लांबून जाऊ द्यावे.

उत्तरेच्या बाजूविषयी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो. म्हणजे वर्षभर सावलीत असणारी ही मागची पट्टी ऐन मे महिन्यात उन्हात येते, आणि घराच्या दक्षिणेची भिंत हिवाळ्यात सर्वाधिक तापते. मोरीलगतच्या कंदांवर त्या तीन-चार आठवड्यांत पाचटाचे जाड आच्छादन असायलाच हवे. जूनमध्ये ढग आले की त्या उन्हाची काळजी राहत नाही.

सोनटक्क्याच्या शेजारी कर्दळ लावावी. कर्दळीचे फार कौतुक कोणी करीत नाही, कारण ती गटाराच्या काठीही फोफावते, परंतु ज्या झाडाला चिखल आणि ऊन दोन्ही चालते ते आपल्या हवामानात अमूल्य समजावे. हाच गुण सुदर्शनाचा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचे पाणी शिरले होते. अशा वस्तीत राहणाऱ्या ज्या वाचकांनी यापूर्वी मला विचारले आहे, त्यांनाही मी कर्दळ आणि सुदर्शन हीच नावे सांगत आलो आहे.

समोरच्या दक्षिणेकडील उन्हाच्या जागेत मी जाईजुईचे कूळ आधी बसवीन. मोगरा मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत फुलतो, जाई आणि जुई पावसाळा सांभाळतात आणि कुंद थंडीत फुलतो. एकाच कुळातील तीन झाडे विचारपूर्वक निवडली, तर वर्षातील बहुतेक महिने ओंजळभर पांढरी फुले घरातच मिळतात आणि अंबाबाईला जाताना गजरा विकत घ्यावा लागत नाही. मोगऱ्याला मात्र ताण द्यावा लागतो, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. डिसेंबरच्या मध्यापासून त्याचे पाणी तोडावे, जानेवारीअखेर फांद्या गुडघ्याइतक्या उंचीवर छाटाव्यात, उरलेली पाने हाताने ओरबाडून काढावीत आणि त्यानंतर शेणखत घालून भरपूर पाणी सुरू करावे. वर्षभर रोज पाणी घातलेला मोगरा पानांनी गच्च भरतो आणि फुलांचा हिशेब देत नाही. जाई आणि जुईला आधार हवा, तो फाटकाच्या कमानीचा चालेल. कुंद आपल्या जागेवर झुडपासारखा राखता येतो.

त्यानंतर अबोली आणि कोरांटी. अबोली गादीवाफ्याच्या त्या बाजूला लावावी जिथे दुपारनंतर थोडी सावली येते. ती जवळजवळ बारमाही फुलते आणि तीन-चार वर्षे चांगली टिकते. तिच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी होतात, म्हणून एकाच जागी पुन्हापुन्हा अबोली लावू नये. कोरांटीविषयी मला विशेष आस्था आहे. पिवळी काटेरी कोरांटी नातवामुळे तूर्त बाजूला ठेवावी, पण जांभळ्या-पांढऱ्या फुलांची बिनकाट्यांची कोरांटी अवश्य लावावी. ती पावसाने सडत नाही, उन्हाने जळत नाही, आणि दसऱ्यानंतर जेव्हा इतर झाडे थकलेली असतात तेव्हा ती अंगभर फुलते. आपल्या मुलीच्या यादीतील निळा प्लंबॅगोही चालेल. तो दक्षिण आफ्रिकेचा असला तरी आपल्या उन्हात रुळलेला आहे. वर्षातून एकदा त्याची निर्दयपणे छाटणी करावी.

जास्वंद गणपतीसाठी हवीच, असे आपण लिहिले आहे. मोठ्या, दुरंगी फुलांच्या संकरित जाती दिसायला सुंदर असल्या तरी पावसाळ्यात नाजूक ठरतात. साधी लाल, एकेरी पाकळ्यांची गावठी जास्वंद घ्यावी आणि ती शेजाऱ्यांकडील फांदीपासून लावली तर उत्तम. तिच्यावर पिठ्या ढेकूण येतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा आणि मग निंबोळी अर्क फवारावा.

कंदांमध्ये निशिगंध घ्यावा, तोही एकेरी पाकळ्यांचा, कारण सुगंध त्यालाच अधिक असतो. गादीवाफ्याच्या सर्वांत उंच, निचऱ्याच्या कडेला त्याचे कंद लावले की तीन वर्षे हलवावे लागत नाहीत. पावसाळी लिली आणि मे फ्लॉवरचे कंद वाफ्याच्या काठाने पेरून ठेवावेत. वळीव झाला की चार-पाच दिवसांत लिलीची गुलाबी फुले एकदम वर येतात. भुईचाफ्याचे तर आधी फूल येते आणि पान नंतर. ही झाडे विश्रांतीच्या काळात पूर्ण नाहीशी होतात, आणि ‘इथे काही नाही’ असे समजून कामाला येणारी बाई किंवा माळी तिथे खुरपे चालवतो. प्रत्येक कंदाजवळ बांबूची एक काडी रोवून ठेवावी.

लॅव्हेंडरच्या सुवासाची हौस राहिली असेल तर वाळा आणि गवती चहा यांची एकेक जुडी लावावी. मरवाही चालेल, पण तो कुंडीत, पावसाळ्यात पडवीत सरकवता येईल असा. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला दवणा काही जण विचारतात. तो मात्र एका हंगामाचा आहे, थंडीत पेरून चैत्रात संपणारा, म्हणून या यादीत बसत नाही.

दोन झाडे आपण मागितली आहेत, त्यांना मी नाही म्हणेन. अनंत मला अतिशय प्रिय आहे आणि म्हणूनच सांगतो की मी तो माझ्या अंगणात तीन वेळा लावला आणि तिन्ही वेळा तो पिवळा पडत गेला. कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. काळ्या मातीत आणि विशेषतः चुन्याचा राडारोडा मिसळलेल्या प्लॉटमध्ये लोह असूनही मुळांना मिळत नाही. फेरस सल्फेटच्या फवारणीने महिनाभर बरे दिसते, एवढेच. अनंत हवाच असेल तर पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती आणून मोठ्या कुंडीत लावावा. दुसरे झाड कण्हेर. ते आपल्या हवामानात कमालीचे टिकते, तरीही तीन वर्षांचे मूल अंगणात खेळणार असेल तर लावू नये. कण्हेर, पिवळी बिट्टी आणि कळलावी या तिन्ही वनस्पतींचे सर्व भाग विषारी आहेत आणि बिट्टीचे फळ तर मुलांना खेळायला घ्यावेसे वाटते असेच असते. सुदर्शन, लिली आणि मे फ्लॉवर यांचे कंदही पोटात जाता कामा नयेत. ते जमिनीत असतात म्हणून धोका कमी, पण लावण्याच्या दिवशी टोपली मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

रोपे विकत घेताना फुले पाहून घेऊ नयेत. आपल्याकडील नर्सरींत पुष्कळ रोपे आंध्रातील कडियमसारख्या ठिकाणांहून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती तांबड्या चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर दोन माती एकमेकींत मिसळत नाहीत. भोवतालची जमीन ओली असताना गोळा आतून कोरडा ठणठणीत राहतो किंवा उलट पाणी धरून बसतो. लावण्याआधी गोळा अर्धा तास बादलीत भिजवावा, कडेची माती बोटांनी हलकेच सोडवावी आणि पिशवीत गोल गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत.

लावण्याची वेळही झाडानुसार ठरवावी. कंद रोहिणी-मृगात, पहिल्या दोन-तीन सरींनंतर वाफसा आला की लावावेत. झुडपे बेंदराच्या आधी लावून घ्यावीत, म्हणजे संततधार सुरू होण्यापूर्वी मुळे धरतात. ते जमले नाही तर घाई न करता सरळ सप्टेंबरपर्यंत थांबावे. भर जुलैच्या चिखलात खड्डा घेऊन झाड लावणे म्हणजे त्याला मडक्यात बुडवून ठेवणे आहे.

आच्छादनासाठी आपण सुदैवी जिल्ह्यात राहतो. उसाचे पाचट सहज मिळते. ते चार बोटे जाड पसरावे, खोडाला मात्र चिकटू देऊ नये. मेमध्ये त्याने ओल टिकते आणि जूननंतर ते कुजून खत होते. शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्यावे, कारण अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात आणि कंद व मुळे कुरतडतात. वळीव झाल्यावर संध्याकाळी कडुनिंबावर किंवा बाभळीवर हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमलेले दिसले, तर फांद्या हलवून खाली पाडावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. एवढे केले की पुढचा त्रास बराच वाचतो.

माझ्या यादीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, अशी विनंती आहे. मे महिन्यातील एखाद्या दिवशी ऊन उतरता उतरता आपल्या गल्लीतून, टाऊन हॉलच्या बागेतून आणि जमल्यास शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातून एक फेरी मारावी. दिवसभराच्या उन्हानंतर कोणते झाड ताठ उभे आहे, त्याची नोंद वहीत करावी. हीच फेरी ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप पाहून पुन्हा मारावी. दोन्ही नोंदींत जे नाव येईल ते निःशंक लावावे. हे शहराच्या आतले झाले. गगनबावड्याकडे पाऊस आपल्या कित्येक पट आणि शिरोळकडे जवळजवळ निम्मा, त्यामुळे एकाच जिल्ह्यातील नातेवाइकांचा अनुभवही जसाच्या तसा उपयोगी पडेल असे नाही.

मुलीला बॅगेतून कंद आणायला सांगू नका. परदेशातून रोपे, कंद किंवा बिया आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि हा नियम योग्यच आहे, कारण कंदाला चिकटलेल्या चिमूटभर मातीतूनही नवी कीड देशात येऊ शकते.

जगलेली डे लिली ही थंडीची अट नसलेल्या सदाहरित जातीची असणार. ती आहे तिथेच असू द्या, पावसाळा संपल्यावर तिचा गड्डा दोन भागांत वेगळा करून दुसरा भाग गादीवाफ्यात लावा.

राहता राहिला डिसेंबर. या जूनमध्ये लावलेली कोरांटी आणि अबोली तोपर्यंत नक्की फुललेली असेल. कुंद पहिल्या वर्षी थोडीच फुले देईल. सोनटक्का त्या वेळी संपलेला असेल, त्यासाठी मुलीला कधीतरी श्रावणात बोलवावे. अंगण भरलेले दिसावे म्हणून शेवंतीचे फुटवे जुलैमध्ये गादीवाफ्यावर लावावेत. ती लहान दिवसांत कळ्या धरते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हमखास फुलते, आणि फुले संपल्यावर छाटून ठेवली की बुडाशी पुढच्या वर्षाचे फुटवे तयार होतात. फक्त फाटकाजवळील रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर ज्या बाजूला पडतो तिथे ती लावू नका. त्या उजेडामुळे झाडाला रात्र लहान वाटते आणि कळ्या धरत नाहीत. शेवंतीला घराच्या पायऱ्यांची, अंधाराची बाजू द्या.